सीसीएनएत नापास झाल्यावर: दुसऱ्या प्रयत्नासाठी सराव चाचणी कशी निवडावी

दिवाळीच्या आधी माझा मामेभाऊ पुण्याला सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची, परीक्षा देऊन आला, तो बॅग घेऊन थेट आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी. दारातच म्हणाला, "ताई, गेलं गं. नापास झालोय." कुठं चुकलं विचारलं, तर म्हणाला, "तेच कळंना. घरी टेस्टला ब्याण्णव टक्के पडत होते."

ते ब्याण्णव टक्के मला चांगले ओळखीचे आहेत. २०२२ साली मी पहिल्यांदा ही परीक्षा दिली, तेव्हा मलाही घरी नव्वदच्या वर पडत होते आणि मीही नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला पास झाले. आता एका साखर कारखान्याचं नेटवर्क सांभाळते, आणि ओळखीपाळखीतली मुलं-मुली नापास झाली की बहुतेक वेळा आधी माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "खऱ्या परीक्षेसारखी टेस्ट कुठं मिळेल?"

माझं उत्तर आता पक्कं आहे. खऱ्या परीक्षेसारखे प्रश्न शोधत बसू नका. तुमचं उत्तर चुकल्यावर ते का चुकलं, कुठल्या गैरसमजामुळे चुकलं, हे जी चाचणी दाखवते ती घ्या. पुढचं सगळं या एका कसोटीवर उभं आहे. मी सीसीएनए धरून लिहिते आहे, पण नेटवर्क प्लस, म्हणजे कॉम्पटिया या संस्थेची तशीच परीक्षा, देणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तसं सांगते.

आधी परीक्षेची तारीख घेऊ नका

नापास झालेल्या माणसाला दोन घाया होतात. एक म्हणजे लगेच पुन्हा परीक्षेला बसायची, आणि दुसरी लगेच काहीतरी विकत घ्यायची. सिस्कोचा नियम असा की नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस मोजायचे आणि त्यानंतर पुन्हा बसता येतं. कॉम्पटियात दुसऱ्या प्रयत्नाला थांबावंच लागत नाही, तिसऱ्याच्या आधी मात्र १४ दिवस जावे लागतात. हे नियम म्हणजे अभ्यासाचं वेळापत्रक नव्हे. पाच दिवसांत कुणाचं राउटिंग सुधारत नाही. सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच. आपल्याकडे कित्येक घरांत हा एका माणसाचा महिन्याचा पगार असतो. तो दुसऱ्यांदा भरताना हाताशी किमान सहा आठवडे हवेत, असं माझं मत आहे.

या सहा आठवड्यांतला पहिला दिवस मात्र वाया घालवू नका. परीक्षा देऊन आलात की त्याच दिवशी, परतीच्या गाडीतच, कुठल्या विषयांवर अडखळलात ते वहीत लिहा. "ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत) शेजारी राउटर का जुळत नाही ते ओळखता आलं नाही", "वायरलेस कंट्रोलरची स्क्रीन कधी बघितलीच नव्हती", "आयपीव्ही६ चे पत्ते लहान करताना गोंधळले", असं. विषय लिहायचे, प्रश्न नाही. परीक्षेच्या आधी आपण गोपनीयतेच्या कराराला होकार दिलेला असतो, त्यामुळे प्रश्न आठवून कुणाला पाठवणं हा करारभंग आहे. ग्रुपवर कितीही जणांनी "भावा, काय आलं होतं सांग" म्हणून विचारलं तरी. स्वतःची कमजोरी स्वतःच्या वहीत लिहायला कुणाची हरकत नाही, आणि दोन दिवसांनी त्यातलं निम्मंही आठवत नाही.

निकालाचा कागद वाचायची रीत

सिस्कोच्या निकालावर प्रत्येक भागात किती टक्के पडले ते दिलेलं असतं. बहुतेक मुलं हा कागद रागाने घडी घालून ठेवून देतात. माझ्या भावानेही तेच केलं होतं. चहा होईपर्यंत मी त्याला तो बाहेर काढायला लावला.

त्याचे आकडे असे होते: नेटवर्क फंडामेंटल्स ६५, नेटवर्क ॲक्सेस ५०, आयपी कनेक्टिव्हिटी ४८, आयपी सर्व्हिसेस ४०, सिक्युरिटी ६७, ऑटोमेशन ९०. त्याची नजर सरळ ४० वर गेली. "ताई, सर्व्हिसेस लई कच्चं आहे. नॅट आणि डीएचसीपी करतो आता."

इथेच चूक होते. प्रत्येक भागाचं वजन वेगळं आहे. फंडामेंटल्स २० टक्के, ॲक्सेस २०, कनेक्टिव्हिटी २५, सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. आता हिशेब करा. सर्व्हिसेसमध्ये ६० टक्के गमावले, पण तो भागच दहाचा, म्हणजे एकूणात गेले ६. कनेक्टिव्हिटीत ५२ टक्के गमावले आणि तो भाग पंचविसाचा, म्हणजे गेले १३. ॲक्सेसमध्ये १०, फंडामेंटल्समध्ये ७, सिक्युरिटीत जवळपास ५, ऑटोमेशनमध्ये १. सिस्को गुण नेमके असेच मोजते असं मी म्हणत नाही, हा आपला अंदाज आहे. पण कुठे कमी टक्के पडले आणि कुठे जास्त नुकसान झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसतं. त्याचे सगळ्यात जास्त गुण राउटिंग (म्हणजे कनेक्टिव्हिटी) आणि स्विचिंगमध्ये (म्हणजे ॲक्सेस) गेले होते.

आणखी एक गोष्ट बघा. फंडामेंटल्समधलं सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान भाग पाडणं, कच्चं असेल तर राउटिंगचे प्रश्नही चुकतात, कारण पत्ता कुठल्या नेटवर्कातला आहे हेच कळत नाही. म्हणून कनेक्टिव्हिटीच्या ४८ मध्ये थोडा हात सबनेटिंगचाही असतो. चाचणी निवडताना हा कागद शेजारी ठेवा. ज्या चाचणीत विषयवार प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, ती दुसऱ्या प्रयत्नाला फार उपयोगी पडत नाही. पहिल्यांदा बसणाऱ्याला सगळंच नवीन असतं. तुम्हाला मात्र नेमकं काय दुखतंय ते माहीत आहे.

आवृत्ती जुळते का ते बघा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण माझा पहिला प्रयत्न काही अंशी इथेच बुडाला. सीसीएनएची २००-३०१ क्रमांकाची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली आणि तिची १.१ ही आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. मी ज्या प्रश्नसंचावर सराव केला त्याच्या पहिल्या पानावर २००-३०१ छापलं होतं, पण आत मल्टिलिंक पीपीपी आणि ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन होतं. तो भाग आधीच्या परीक्षेचा. मुखपृष्ठ बदललं होतं, आतलं तेच.

म्हणून मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका. सिस्कोच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रमाची यादी उतरवून घ्या, शाहूपुरीत किंवा युनिव्हर्सिटीजवळ कुठेही तिची प्रिंट निघते, आणि चाचणीची विषयसूची तिच्याशी ताडून बघा. एक सोपी खूण सांगते. १.१ मध्ये कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या मुद्द्यात पपेट आणि शेफ जाऊन अन्सिबलबरोबर टेराफॉर्म आलं. स्पॅनिंग ट्रीत (स्विचच्या जाळ्यातली चक्रं टाळायची पद्धत) रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू गार्ड, बीपीडीयू फिल्टर आले. शिवाय एआय आणि मशीन लर्निंगची तोंडओळख आली. चाचणीत पपेट-शेफ आहेत आणि टेराफॉर्मचं नाव नाही, तर ती १.१ च्या आधीची समजा. तुम्ही परीक्षा द्याल तेव्हा कुठली आवृत्ती चालू आहे हेही त्याच पानावर कळेल. नेटवर्क प्लसवाल्यांनी एन१०-००९ हा परीक्षेचा क्रमांक बघावा. ते जून २०२४ मध्ये आलं आणि आधीचं एन१०-००८ त्या वर्षी डिसेंबरात बंद झालं.

डंप ओळखा आणि बाजूला ठेवा

डंप म्हणजे खऱ्या परीक्षेतले चोरलेले प्रश्न. टेलिग्रामवर फुकट फिरतात, काही ठिकाणी पाचशे-हजाराला विकले जातात. मला ती पीडीएफ एका क्लासमध्ये "मटेरियल" म्हणूनच मिळाली होती. तेव्हा डंप हा शब्दही मला माहीत नव्हता. त्यामुळे ज्यांच्या हाती अशी फाइल आहे त्यांना मी लगेच दोषी धरत नाही. पण ओळखायला शिकायलाच हवं.

"शंभर टक्के पास, नाहीतर पैसे परत" किंवा "खऱ्या परीक्षेतले प्रश्न, कालच अपडेट झालेले" असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा. खऱ्या परीक्षेतले प्रश्न विकायचा हक्क कुणालाच नाही. प्रश्नाखाली फक्त "उत्तर: ब" एवढंच असतं, हीही एक खूण. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं, आकृती गायब, वाक्यं तुटलेली, याही खुणाच.

पकडले गेलात तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते आणि मिळालेलं सर्टिफिकेटही जाऊ शकतं. सिस्कोच्या धोरणात हे सगळं लिहिलेलं आहे. पण मला जास्त सलते ती दुसरी गोष्ट. डंपमधली कित्येक उत्तरं चुकीची असतात आणि आपण ती पाठ करतो. नापास झाल्यावर चुकीची पाठ केलेली गोष्ट आधी पुसावी लागते, मग बरोबर शिकावी लागते. माझे दोन महिने त्यात गेले.

दहा प्रश्नांत चाचणीची पारख

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

बऱ्याचशा चांगल्या चाचण्यांचे काही प्रश्न नमुना म्हणून फुकट बघता येतात. पैसे भरण्याआधी त्यातले दहा सोडवा. स्वतःचे गुण मोजू नका, चाचणीला गुण द्या. एक प्रश्न घेऊन दाखवते.

एका संगणकाचा पत्ता १७२.१६.३५.१२३/२० आहे. तो कुठल्या नेटवर्कात आहे? पर्याय चार: १७२.१६.०.०, १७२.१६.३२.०, १७२.१६.३५.०, १७२.१६.४८.०.

/२० म्हणजे पत्त्याचे पहिले वीस बिट नेटवर्कचे, म्हणजे मास्क २५५.२५५.२४०.०. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्यात, सोळा-सोळाचे गट पडतात: ०, १६, ३२, ४८. पस्तीस हा ३२ ते ४७ या गटात येतो, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. आता चुकीचे तीन पर्याय नीट बघा. १७२.१६.०.० कोण निवडेल? ज्याने /२० न बघता /१६ धरलं तो. १७२.१६.३५.० निवडेल तो सवयीने /२४ धरणारा. १७२.१६.४८.० निवडणाऱ्याला गट पाडता येतात, पण तो एक पायरी पुढे गेला. म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी, माणसाच्या हातून होणारी चूक आहे. तुम्ही कुठला पर्याय निवडलात त्यावरून काय सुधारायचं ते कळतं. असे पर्याय लिहायला विषय शिकवलेला माणूसच लागतो.

याच प्रश्नाला पर्याय म्हणून १०.०.०.०, १९२.१६८.१.० आणि २२४.०.०.५ दिले असते, तर सबनेटिंग न येणाराही बरोबर उत्तरावर बोट ठेवून मोकळा झाला असता. ब्याण्णव टक्के असेच पडतात.

दुसरी कसोटी स्पष्टीकरणाची. राउटरच्या टेबलात तीन मार्ग आहेत: १०.०.०.०/८ स्टॅटिक म्हणजे हाताने दिलेला, १०.१.०.०/१६ ओएसपीएफने शिकलेला, १०.१.१.०/२४ रिप या तशाच दुसऱ्या पद्धतीने शिकलेला. १०.१.१.९ कडे जाणारं पॅकेट कुठल्या मार्गाने जाईल? पुष्कळ जण स्टॅटिक म्हणतात, कारण त्याचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग कुठून कळला त्यावरचा विश्वास, आकडा लहान तितका जास्त) १, ओएसपीएफचं ११० आणि रिपचं १२०. उत्तर आहे रिप. राउटर आधी सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स बघतो, म्हणजे / नंतरचा आकडा सगळ्यात मोठा असलेला जुळणारा मार्ग. डिस्टन्सचा प्रश्न येतो तो एकच नेटवर्क, त्याच लांबीने, दोन ठिकाणांहून कळलं तर.

चांगल्या चाचणीत हे स्पष्टीकरण असंच उलगडलेलं असतं: बरोबर का, उरलेले दोन का चूक, आणि डिस्टन्स कधी उपयोगी पडतं. वाईट चाचणीत लिहिलेलं असतं, "उत्तर क, कारण राउटर सर्वोत्तम मार्ग निवडतो." हे वाचून काय कळलं? काहीच नाही. दहापैकी तीन स्पष्टीकरणं अशी निघाली तर पैसे भरू नका, मग ती कितीही स्वस्त असो.

तिसरी कसोटी वाचनाची. खऱ्या परीक्षेत आकृत्या आणि कमांडचं आउटपुट वाचून उत्तर द्यावं लागतं. "शो आयपी राउट"चं वीस ओळींचं आउटपुट समोर असतं आणि त्यातली एकच ओळ कामाची असते. फक्त व्याख्या विचारणारी चाचणी इथे कमी पडते. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण मी स्वतः तिथूनच आले आहे. लांब इंग्रजी प्रश्न वाचताना वेळ जातो, आणि तो वेळ सरावानेच कमी होतो. आधी शेवटचं वाक्य वाचा, काय विचारलंय ते कळलं की मग आउटपुटकडे वळा. त्यासाठी चाचणीतले प्रश्नही तसेच लांब हवेत.

वेळ, मागे न जाता येणं, आणि लॅब

सीसीएनएला १२० मिनिटं मिळतात आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर येता येत नाही. नेटवर्क प्लसला ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात, मागे जाता येतं, खूण करून ठेवता येते, आणि १०० ते ९०० च्या मापात ७२० ला पास. या दोन परीक्षांची मनावरची दडपणं वेगळी आहेत. सीसीएनएच्या चाचणीत मागे जाण्याचं बटण बंद करायची सोय आहे का ते बघा. नसेल तर स्वतःवर बंधन घाला. माझा भाऊ घरी प्रत्येक चाचणीत दहा-पंधरा उत्तरं मागे जाऊन बदलायचा, आणि त्याचं त्यालाच हे माहीत नव्हतं.

लॅबचे प्रश्न कुठल्याही पीडीएफमध्ये येऊ शकत नाहीत. तिथे खरोखर कमांड टाइप करावी लागते. याचं मोल मला परीक्षेपेक्षा कारखान्याने शिकवलं. हंगामाचे दिवस होते, यार्डातल्या कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३० (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) नवीन घेतला होता. मी यार्डाच्या स्विचवर दुरून लॉगिन केलं, ट्रंक पोर्टवर (ज्यातून अनेक व्हीलॅन जातात) "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" टाइप केलं आणि एंटर मारलं. त्याच क्षणी माझी स्क्रीन गोठली. कारण या कमांडने जुनी यादी जाते आणि फक्त ३० उरतो. वजनकाट्याचा व्हीलॅन गेला, स्विचवर पोचायचा मार्गही गेला. कन्सोल केबल घेऊन काट्यावर धावत पोचेपर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर आली होती. हवा होता एक शब्द: "अलाउड व्हीलॅन ॲड". मी तेव्हा पास झालेली होते. चार पर्यायांत हा प्रश्न आला असता तर बरोबर सोडवला असता, पण हाताला त्याची सवय नव्हती.

म्हणून चाचणीत कमांड टाइप करायचे प्रश्न असतील तर उत्तम. नसतील तर पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्क उभं करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर नेटवर्किंग ॲकॅडमीचं खातं काढून मोफत मिळतं, ते घ्या. चाचणीत कॉन्फिगरेशनचा जो प्रश्न चुकेल तो त्याच दिवशी पॅकेट ट्रेसरमध्ये उभा करा: दोन स्विच, एक ट्रंक, "शो इंटरफेसेस ट्रंक" आधी आणि नंतर. मग तो मुद्दाम बिघडवा आणि पुन्हा दुरुस्त करा.

किती घ्यायच्या, कुठल्या घ्यायच्या

दोन पुरतात. एक मुख्य आणि एक वेगळ्या हातची. एकाच लेखकाचे प्रश्न सोडवत राहिलात की त्याची भाषा आणि त्याच्या खोड्या ओळखीच्या होतात, आणि विषय न समजताही उत्तर सुचू लागतं. तालमीत एकाच जोडीदाराशी महिनोन्‌महिने लढणाऱ्या पोराला त्याचे डाव आधीच कळतात, म्हणून वस्ताद जोडीदार बदलतो. तसंच हे.

मुख्य म्हणून बॉसन या कंपनीच्या चाचण्या मी वापरल्या आणि इतरांनाही सुचवते, कारण त्यात चुकीच्या पर्यायांचंही स्पष्टीकरण असतं. त्या अवघड आहेत आणि पहिल्यांदा साठ टक्क्यांच्या आत पडले तरी घाबरायचं कारण नाही. सिस्कोच्या अधिकृत अभ्यासपुस्तकांबरोबर पिअरसनची चाचणी येते. पुस्तक नवीन घेतलं असेल तर तिचा कोड आत असतो, जुन्या बाजारातून घेतलं असेल तर तो बहुधा वापरलेला असतो, हे घेताना लक्षात ठेवा. युडेमीवर स्वस्तात बरेच संच मिळतात. तिथे लेखकागणिक दर्जा बदलतो, म्हणून शेवटची सुधारणा कधी झाली ते बघा आणि पाच ताऱ्यांचे अभिप्राय सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचा. नेमकी तक्रार तिथेच सापडते. महाग वाटलं तर दोघा-तिघांनी मिळून एक खातं घेऊ नका. नियमात ते बसत नाही, आणि दुसऱ्याने सोडवलेल्या प्रश्नांमुळे तुमची प्रगतीही दिसत नाही.

एआयकडून प्रश्न बनवून घ्यायची आता सोय झाली आहे. चुकलेला मुद्दा मराठीत समजावून घ्यायला तो मला चांगला वाटतो. पण त्याने दिलेलं सबनेटचं उत्तर कागदावर आणि कमांडचं उत्तर पॅकेट ट्रेसरमध्ये तपासल्याशिवाय धरू नका.

चुकांची वही

चाचणी विकत घेतल्यावर लोक ती रोज सोडवतात, टक्के वाढत जातात आणि बरं वाटतं. तिसऱ्यांदा सोडवलेल्या चाचणीतले ९५ टक्के ही फक्त प्रश्नांची आठवण असते. खरा आकडा एकच, पहिल्यांदा बघितलेल्या प्रश्नांवरचा. तो वेगळा लिहून ठेवा.

प्रत्येक प्रश्न सोडवताना उत्तराशेजारी एक खूण करा: खात्री, अर्धवट, किंवा अंदाज. मग निकाल बघा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर वहीत चुकलेल्यांच्या रांगेत जातं. आणि खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं असेल तर त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथे काहीतरी उलटं शिकलेलं आहे. माझ्या वहीत असा एक घोळ पानापानांवर सापडला. स्पॅनिंग ट्रीत रूट ब्रिज (मुख्य स्विच) ठरताना लहान प्रायॉरिटी जिंकते, आणि ओएसपीएफमध्ये डीआर (मुख्य राउटर) ठरताना मोठी. मी दोन्हीकडे एकच नियम लावत होते, खात्रीने.

वहीत प्रत्येक चुकीखाली तीन ओळी पुरतात. मी काय समजले होते, खरं काय आहे, आणि ते मी कुठे तपासलं. स्पष्टीकरण उतरवून काढू नका. वाचून पान मिटा आणि स्वतःच्या मराठीत लिहा. याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांत फक्त वाचला. इतरांनी पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. सराव चाचणी हे मोजमाप तर आहेच, पण आठवायला लावून शिकवणारं साधनही आहे, म्हणून तिच्यावर एवढा वेळ द्यायचा.

सहा आठवड्यांची वाटणी मी अशी करायला सांगते. पहिल्या आठवड्यात मुख्य चाचणीचा एक पूर्ण संच, तयारी न करता, घड्याळ लावून. पुढचे तीन आठवडे निकालाच्या कागदावर सगळ्यात जास्त नुकसान असलेले दोन भाग, रोज पंधरा-वीस प्रश्न आणि तेवढाच वेळ वहीला नि लॅबला. पाचव्या आठवड्यात उरलेले भाग आणि दुसऱ्या हातची चाचणी. एक पूर्ण संच मात्र अजिबात न उघडता ठेवायचा. तो सहाव्या आठवड्यात, परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी, परीक्षेच्याच वेळेला, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायचा. घरून ऑनलाइन परीक्षा देणार असाल तर त्याच खोलीत, त्याच टेबलावर, दार लावून सोडवा. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. घरात माणसं जास्त असतील तर हे आधीच सांगून, करून बघायला हवं. आमच्याकडे दुपारी दोनदा दारावरची बेल वाजली, तेव्हा भावाने केंद्रावर जायचं ठरवलं.

न बघितलेल्या संचावर ८५ च्या आसपास पडले आणि कुठलाही मोठा भाग ७० च्या खाली नसला की तारीख घ्यायला माझी हरकत नसते. हा माझा अंदाज आहे, सिस्कोचा आकडा नव्हे.

भावाला त्याच्या राखून ठेवलेल्या संचावर ८१ पडले. त्याने वही दाखवली. चुकलेल्या एका राउटिंगच्या प्रश्नाखाली त्याने चारही पर्याय लिहून प्रत्येकासमोर तो कुठल्या चुकीने येतो ते लिहिलं होतं, आणि स्वतःच्या पर्यायासमोर "मास्क न बघता डिस्टन्सकडे धावलो" असं. ॲक्सेसमध्ये अजून ६६ होते. त्याला मी दोन आठवडे आणखी थांबायला सांगितलं. त्यातले पहिले चार दिवस फक्त ट्रंक आणि इथरचॅनेल (अनेक तारा मिळून एक जोडणी), पॅकेट ट्रेसरमध्ये, रोज रात्री नऊ ते अकरा.